विश्लेषण : रेडिओ, व्यंगचित्र, डिझाइन… वळणावळणाचे करिअर नेमके कशावर टिकते?

एक पदवी, त्याच पदवीची नोकरी आणि त्याच नोकरीतून निवृत्ती, हा करिअरचा सरळ रस्ता आता फार थोड्यांच्या वाट्याला येतो. अभियांत्रिकी करून जाहिरातीत, वाणिज्य शाखेतून रेडिओवर, वास्तुशास्त्रातून अक्षररचनेकडे गेलेली माणसे आपल्या आजूबाजूला दिसतात. घरी मात्र प्रश्न तोच असतो, ‘एका जागी टिकत का नाही?’ समाजमाध्यमांवर याच्या बरोबर उलटा सल्ला मिळतो, ‘आवड असेल तर सोडा नोकरी.’ या दोन टोकांच्या मध्ये काय आहे? रेडिओ, व्यंगचित्र आणि डिझाइन या तीन क्षेत्रांतून वाट काढलेल्या काही परिचित नावांच्या आधारे हा आढावा.

वळणावळणाचे करिअर म्हणजे नेमके काय?

दर दोन वर्षांनी कंपनी बदलणे म्हणजे वळणाचे करिअर नव्हे. तिथे काम बहुतेकदा तेच असते, फक्त ओळखपत्र बदलते. वळण म्हणजे माध्यमच बदलणे. काल आवाजातून सांगत होता, आज रेषेतून सांगतो. काल पोलादाचा आराखडा काढत होता, आज अक्षराचा काढतो. अशा प्रवासात पदनामे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कागदावर तो विस्कळीत दिसतो.

पण यशस्वी झालेली वळणे जवळून पाहिली, की दोन गोष्टी बहुतेक वेळा सापडतात. पहिली, आधीच्या कामातले एखादे कौशल्य पुढच्या कामात जसेच्या तसे उपयोगी पडलेले असते. दुसरी, वळण घेताना घरखर्चाची काही ना काही सोय असते. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर तो बदल वळण न राहता उडी ठरतो.

रेडिओ ही अनेकांची पहिली शाळा का ठरली?

रेडिओवर ऐकणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकत नाही. त्यामुळे एका वाक्यात एकच मुद्दा, अवघड आकडा सोपा करून सांगणे आणि ठरलेल्या सेकंदाला थांबणे, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकावे लागते. समोर श्रोता दिसत नाही, तरी त्याच्याशीच बोलायचे असते. न दिसणाऱ्या माणसाला थोडक्यात समजावण्याची ही सवय पुढे लेखन, जाहिरात, चित्रपट, डिझाइन अशा कुठल्याही कामात चालते.

पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण पाहा. अध्यापन, मग चित्रपट, असा प्रवास करून ते आकाशवाणीत आले. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय असे सगळेच त्यांनी केले होते. १९५५च्या सुमारास ते आकाशवाणीत रुजू झाले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी ही वेगळी संस्था नव्हती, तर आकाशवाणीचाच एक भाग होती. त्यामुळे रेडिओतली माणसेच तिकडे गेली. सुरुवातीच्या त्या निर्मात्यांमध्ये पु. ल. होते. बाहेरून पाहताना रेडिओ ते टीव्ही ही मोठी झेप वाटते. प्रत्यक्षात ते एकाच कार्यालयाचे दुसरे दालन होते. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले ते १ एप्रिल १९७६ रोजी.

दुसरे उदाहरण व्यंकटेश माडगूळकर यांचे. माणदेशातल्या माडगूळ गावचा हा तरुण १९५५ पासून पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम करू लागला आणि अनेक वर्षे तिथेच होता. ‘बनगरवाडी’ही त्याच वर्षी पुस्तकरूपात आली. कथा, कादंबरी, पटकथा, रानावनातली भटकंती आणि सोबत चित्रे, रेखाटने असे सगळे त्यांनी केले. ‘सत्तांतर’साठी त्यांना १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत, फाफटपसारा न करता बोलणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. त्यांच्या लेखनातला कमी शब्दांचा नेमकेपणा या रोजच्या कामाशी अगदी मिळताजुळता आहे.

हिंदी चित्रपटसृष्टीतही असे उदाहरण आहे. सुनील दत्त यांनी मुंबईत जयहिंद महाविद्यालयात शिकताना ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली. पुढे ते रेडिओ सिलोनवर निवेदक झाले आणि चित्रपट कलाकारांच्या मुलाखती घेऊ लागले. १९५५मध्ये ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’मधून ते स्वतः पडद्यावर आले. मुलाखत घेणारा माइकच्या दुसऱ्या बाजूला गेला, एवढेच ते अंतर होते.

व्यंगचित्रातून डिझाइनकडे वाट कशी जाते?

वृत्तपत्रातल्या चौकटीवर वाचकाची नजर फार तर काही सेकंद थांबते. तेवढ्यात माणूस ओळखू आला पाहिजे, प्रसंग कळला पाहिजे आणि मुद्दा पोहोचला पाहिजे. त्यामुळे व्यंगचित्रकार चित्रात भर घालण्यापेक्षा काढून टाकण्यावर जास्त वेळ घालवतो. बोधचिन्ह तयार करणाऱ्यालाही नेमके हेच करावे लागते. ते चिन्ह ट्रकच्या मागे मोठे दिसले पाहिजे आणि व्हिजिटिंग कार्डावर लहान असतानाही ओळखता आले पाहिजे.

म्हणूनच भारतातल्या गाजलेल्या ब्रँडांच्या मागे व्यंगचित्राची रेषा वारंवार दिसते. एअर इंडियाचा ‘महाराजा’ १९४६मध्ये जन्माला आला, तो कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला एशियन पेंट्सचा ‘गट्टू’ १९५४मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ची. जाहिरातकार सिल्व्हेस्टर डा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांची ती निर्मिती. ताज्या घडामोडींवर शेरा मारणारे तिचे फलक म्हणजे रस्त्यावर लावलेले व्यंगचित्रच.

लक्ष्मण यांना सर ज. जी. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, हे अनेकांना माहीत असते. त्यानंतर काय घडले, याची चर्चा कमी होते. ते म्हैसूरला पदवीसाठी शिकत राहिले आणि शिकतानाच नियतकालिकांसाठी चित्रे काढत राहिले. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांनी काम केले, जिथे बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी होते. मग ‘टाइम्स ऑफ इंडिया’. नकार आणि यश यांच्या मध्ये छापून आलेल्या कामाची लांबलचक रांग आहे.

गोव्यातल्या लोटलीचे मारिओ मिरांडा यांचा मार्गही असाच. मुंबईत सेंट झेवियर्समधून इतिहासाची पदवी, वास्तुशास्त्राचा थोडा काळ प्रयत्न, जाहिरातीच्या स्टुडिओत सुमारे चार वर्षे आणि मग वृत्तपत्र, नियतकालिके. पोर्तुगालची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते लिस्बनला गेले, तिथून लंडनला आणि काही वर्षांनी परतले. पुढे त्यांची चित्रे भिंतींवर गेली. कुलाब्यातल्या ‘कॅफे मोंडेगार’मध्ये ती आजही पाहता येतात. दाटीवाटीच्या गर्दीतही प्रत्येक माणूस वेगळा दिसेल अशी त्यांची रेषा कागदावर होती, तशीच भिंतीवरही राहिली.

नोकरी न सोडता वळण घेता येते का?

याचे सर्वात ठळक मराठी उदाहरण म्हणजे वसंत सरवटे. १९२७मध्ये कोल्हापुरात जन्मलेले सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते आणि ‘एसीसी’ या सिमेंट कंपनीत नोकरी करत होते. दुसरीकडे दिवाळी अंक, पुस्तकांची मुखपृष्ठे, पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली चित्रे असे त्यांचे काम अखंड चालू होते. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत. त्या ठणठणपाळाला चेहरा दिला सरवटे यांनी.

सरवटे केवळ चित्रे काढून थांबले नाहीत. व्यंगचित्र कसे वाचायचे, परदेशातले व्यंगचित्रकार काय करतात, यावर त्यांनी मराठीत सातत्याने लिहिले. ‘परकी चलन’ हे त्याचेच फळ. त्यांच्या एका संग्रहाचे नाव तर या विषयाला शोभेल असे आहे : ‘सावधान! पुढे वळण आहे’.

अभियंत्याच्या आराखड्यात अनावश्यक रेघ नसते. कुठला खांब भार घेतो आणि कुठली भिंत नुसती आडोशाला आहे, हे त्याला वेगळे दाखवावे लागते. सरवट्यांच्या चित्रातही विनोदाचा भार कुठल्या तपशिलावर आहे, हे लगेच कळते. दोन्हींचा थेट संबंध सिद्ध करता येणार नाही. पण पगार देणारी नोकरी असल्यामुळे कुठले चित्र काढायचे आणि कुठले नाही, हे ठरवण्याची मोकळीक त्यांच्याकडे होती, हे मात्र नक्की. अमोल पालेकर यांनीही ज. जी. मध्ये चित्रकला शिकल्यावर काही वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि तेव्हाच ते रंगभूमीवर काम करत होते. ‘बनगरवाडी’वर १९९५मध्ये चित्रपट केला तो त्यांनीच.

संगणकावरच्या मराठी अक्षरांचा जाहिरातीशी काय संबंध?

विंडोज असलेल्या संगणकावर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांनी ‘मंगल’ हा फाँट पाहिलेला असतो. तो घडवला रा. कृ. जोशी यांनी. आर. के. जोशी म्हणून ते अधिक परिचित. ज. जी. उपयोजित कला संस्थेतून शिकलेले जोशी दोन दशकांहून अधिक काळ ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत होते. ते सुलेखनकार होते आणि कविताही लिहीत. १९८०च्या दशकात ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात, म्हणजे ‘आयडीसी’त शिकवू लागले. पुढे सरकारी संगणक संशोधन संस्थेत भारतीय लिप्यांच्या फाँटवर त्यांनी काम केले. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ घरोघरी पोहोचला. २००८मध्ये त्यांचे निधन झाले.

हे काम जाहिरातीतल्या सुलेखनकाराकडे का गेले, हे समजण्यासाठी देवनागरीची अडचण लक्षात घ्यावी लागते. इंग्रजीत अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. देवनागरीत ‘कि’ टंकताना आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी टंकली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी दिसायला हवी. एकट्या ‘र’ची रूपे पाहा. ‘अर्क’मध्ये तो डोक्यावर जातो, ‘क्रम’मध्ये पोटाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा बसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आडवी चंद्रकोर बनतो. शिवाय शिरोरेखा तुटता कामा नये आणि मात्रा, उकार वरच्या-खालच्या ओळीला भिडता कामा नयेत. तेही त्या वेळच्या कमी ठिपक्यांच्या पडद्यावर.

कुठले रूप केव्हा वापरायचे याचे नियम संगणकाला शिकवता येतात. पण ते रूप कसे असावे, किती जाडीचे, किती झुकलेले, हे ठरवायला हजारो वेळा बोरू चालवलेला हात लागतो. इथे अभियंते आणि सुलेखनकार एकाच टेबलावर आले. जोशींनी क्षेत्र बदलले असे म्हणता येते. पण अक्षर हा विषय त्यांनी कधीच सोडला नव्हता.

रुपयाचे चिन्ह हेही अशाच वळणाचे फळ आहे का?

होय. ₹ या चिन्हाचे रचनाकार डी. उदय कुमार हे मुळात वास्तुशास्त्राचे पदवीधर. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत डिझाइन शिकायला आले आणि तिथेच त्यांनी तमिळ अक्षररचनेवर पीएच.डी.चे संशोधन केले. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने २००९मध्ये स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांच्या रचनेला मंजुरी दिली. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ आणि वर शिरोरेखा, अशी ती साधी मांडणी आहे. त्याच वर्षी ते युनिकोडमध्येही समाविष्ट झाले.

मग प्रत्येकाने वाट बदलावी का?

इथे सावध राहायला हवे. वर उल्लेख केलेली नावे यशस्वी झाली म्हणून आपल्याला माहीत आहेत. ज्यांची वळणे चुकली, त्यांची नावे कुठे नोंदवली जात नाहीत. त्यामुळे चार यशोगाथा वाचून राजीनामा लिहिणे म्हणजे फक्त विजेत्यांची मोजणी करून लॉटरीचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा संधीचा. पु. ल., माडगूळकर यांच्या वेळी आकाशवाणी लेखक-कलावंतांना नोकरी देत होती. आज आकाशवाणीचे अनेक निवेदक नैमित्तिक तत्त्वावर, कामाच्या पाळीप्रमाणे मानधन घेऊन काम करतात. वृत्तपत्रातली व्यंगचित्रकाराची पूर्णवेळ जागाही जगभर आकसते आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै २०१९ पासून आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रे बंद केली. पुलित्झर पुरस्कारांनी २०२२मध्ये संपादकीय व्यंगचित्राचा स्वतंत्र विभाग मोडून चित्रांतून केलेले वार्तांकन आणि भाष्य असा व्यापक विभाग केला. म्हणजे कला संपलेली नाही. ती करणाऱ्याला पगार देणारी जुनी चौकट बदलली आहे.

तिसरा मुद्दा घराचा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असताना घेतलेले वळण आणि घरात दुसरा पगार असताना घेतलेले वळण यांची तुलना होऊ शकत नाही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन बातमीदारीत आलेल्या प्रस्तुत प्रतिनिधीसारख्या अनेकांना नातेवाईक विचारतात, ‘मग चार वर्षे वाया गेली का?’ शिकलेले वाया जातेच असे नाही, हे वरची उदाहरणे सांगतात. पण चार वर्षांची फी कुणीतरी भरलेली असते, हेही तितकेच खरे.

आज दारे कुठे उघडी आहेत?

डिझाइनसाठी आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी ‘सीड’ ही परीक्षा पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते. तिला ठरावीक शाखेची पदवी लागत नाही आणि वयाची अटही नाही. त्यामुळे अभियंते, वास्तुविशारद आणि कला पदवीधर एकाच वर्गात येतात. अहमदाबादच्या एनआयडीचीही स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते.

रेडिओसाठी सामुदायिक केंद्रे हे आजचे शिकाऊ व्यासपीठ आहे. २००२च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना आणि २००६च्या बदलाने स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आणि साताऱ्यातल्या म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ ही महाराष्ट्रातली उदाहरणे. पगार नगण्य असू शकतो, पण माइक, वेळेचे बंधन आणि खरा श्रोता तिथे मिळतो. व्यंगचित्रकारांसाठी दिवाळी अंक अजूनही हक्काची जागा आहे.

वळण घेण्याआधी काय तपासावे?

या सगळ्या उदाहरणांतून तीन प्रश्न निघतात. पहिला, आजच्या कामातले नेमके कोणते कौशल्य पुढच्या कामात लागणार आहे? उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर अजून वेळ आहे. दुसरा, नव्या क्षेत्रात केलेले काम कुणी छापले, ऐकवले किंवा विकत घेतले आहे का? लक्ष्मण आणि सरवटे या दोघांचेही काम त्यांच्या वळणाआधी किंवा त्याच्या बरोबरीने वाचकांपर्यंत पोहोचत होते. तिसरा, मधल्या काळात, किमान वर्षभर, घरखर्च कशातून चालणार आहे?

तिन्ही उत्तरे ‘हो’कडे झुकत असतील, तर पदनामे जुळत नाहीत याची काळजी करण्याचे कारण नाही. एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास त्या कामाला देणे हा मार्ग आहेच. सरवटे यांनी संपूर्ण कारकीर्द तशीच घडवली.